पाण्याची खोली तीन फूट

३ मार्च
यादी लागली. नागरिक देखरेख समिती. आपल्या वास्तूंवर आपल्याशिवाय आणखी कोणीतरी लक्ष ठेवायला हवं, हे पालिकेने एकदाचं मान्य केलं. प्रत्येक वास्तूला एक नागरिक. कल्पना मूळ माझी. मागेच अर्जात लिहिली होती. पोच आहे.

पोहण्याचा तलाव: दातवाला.

मला: चौकातलं कारंजं. मी इथे राहायला आल्यापासून त्याला पाणी नाही.

दातवाला म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधला रिटायर्ड डेंटिस्ट. त्याने समितीसाठी साधा अर्जही केला नव्हता! मोठ्या साहेबांची दाढ यानेच भरलीय असं ऐकलं. म्हणजे आधी मीच म्हणालो होतो, पण संध्याकाळी दोघातिघांकडून ऐकलं, तेव्हा खरं असणार.

मी जळत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

४ मार्च
हिला यादी सांगितली. ही म्हणाली, बरं झालं, तलाव डॉक्टरांकडे गेला ते. त्यांच्यामुळेच तर सुरू झाला.

घ्या! पंप बिघडून तलाव बंद पडला तेव्हा ढीगभर अर्ज कोणी केले? मी. दर वेळी एकच उत्तर: आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे. दातवाल्याने एक अर्ज केला, तोही जेमतेम आठ ओळींचा, आणि पंप सुरू. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. फांदी आधीच मी खिळखिळी करून ठेवली होती, ते कोणी बघत नाही.

त्याला पालिकेचं उत्तर आलं ते 'सन्माननीय डॉक्टरसाहेब' असं. मी आजवर 'अर्जदार'.

संकल्प: कारंज्याकडे पूर्ण लक्ष द्यायचं. दातवाल्याचा विचार करायचा नाही.

५ मार्च
कारंज्याची पाहणी केली. पाणी: नाही. गळती: नाही. अहवाल दिला. खिडकीतल्या बाईंनी (तक्रार विभागात एकच खिडकी, तिच्यात एकच बाई) शिक्का मारला. डॉक्टरसाहेबांचा पण अहवाल आलाय, म्हणाल्या. किती छान अक्षर!

डॉक्टराचं अक्षर छान. म्हणजे डॉक्टर म्हणून हा काय लायकीचा असेल ते समजा.

६ मार्च
हिच्या गुडघ्याबद्दल लिहायला हवं. हाडांचे डॉक्टर म्हणाले होते, पाण्यात चाला. सकाळी सात ते आठ तलावावर ज्येष्ठांची वेळ असते, तेव्हा ही जाते. फरक आहे, मी नाही कुठे म्हणतो? पूर्वी जिना उतरताना प्रत्येक पायरीवर थांबायची आणि माझ्याकडे अशी बघायची की जिना मीच बांधलाय. आता धडधड उतरते.

लेकीने नवीन घर घेतलंय. चौथा मजला, लिफ्ट नाही. हिने ते घर फक्त मोबाइलवर पाहिलंय. ओटा, बाल्कनी, खिडकीचे पडदे, सगळं फोनवर. आज लेकीला सांगून टाकलं, वीस तारखेला तुझ्याकडे चहाला येते, माझ्या पायांनी चढून येते. फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसले. मलाही भरून आलं.

तेवढ्यात म्हणाली, डॉक्टर म्हणालेत, वीसपर्यंत नक्की जमेल.

हाडांचे नव्हे. दातांचे! गुडघ्याला काय दात असतात?

७ मार्च, सकाळी ७
तलावावर गेलो. केवळ हिला सोबत म्हणून. बाहेरच्या बाकावर बसलो.

दातवाला पाण्यात हिला उलटं चालायला शिकवत होता. स्वतः समोर उभा, हात पुढे केलेले, ही ते धरून मागे मागे पावलं टाकतेय. मध्येच तोल गेला आणि ही हसली. चांगली खळखळून हसली. घरी मी कितीतरी विनोद सांगतो.

त्याचं पोट माझ्यापेक्षा कमी आहे. पाण्यात तसं दिसतं.

८ मार्च, सकाळी ७.१०
सापडलं! उथळ बाजूला पाटी आहे: पाण्याची खोली तीन फूट. अख्खी नोकरी मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. पाटीवर लिहिलं म्हणून माल तेवढा असतो यावर माझा विश्वास नाही. टेपला वजन म्हणून घरचं कुलूप बांधलं, टेप काठाला धरली, कुलूप तळाला टेकवलं. तीन फूट सात इंच! नीट दोनदा बघणार होतो, पण तेवढ्यात त्याने हिला पाठीवर तरंगायला शिकवायला घेतलं, मानेखाली हात वगैरे धरून. लक्ष कसं राहणार?

तरी एकदा मोजलं ते पक्कं. सात इंचांची तफावत! रोज तिथे उभा राहतो आणि या देखरेख सदस्याच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्याच्या तोंडात बघायची सवय, दुसरं काय?

तक्रार लगेच दिली. सविस्तर, सात पानी.

हिला सांगितलं नाही. सरप्राइज.

१० मार्च
चमत्कार! दोन दिवसांत उत्तर. 'सन्माननीय दक्ष नागरिक'! आपण निदर्शनास आणलेल्या गंभीर बाबीवर तातडीने कारवाई करण्यात येत आहे.

पत्र तीनदा वाचलं. जेवताना ताटाशेजारी ठेवलं, म्हणजे हिची नजर जाईल. हिने त्यावर आमटीचं पातेलं ठेवलं.

११ मार्च
तलाव बंद केला.

कारवाई म्हणजे हीच. सगळं पाणी सोडून दिलं आणि फाटकाला फलक लावला: खोलीच्या पाटीबाबत दक्ष नागरिक श्री. (इथे माझं पूर्ण नाव, आडनावासकट, मोठ्या अक्षरांत) यांनी केलेल्या तक्रारीवरून तलाव पुढील आदेशापर्यंत बंद.

माझं नाव फलकावर यावं असं मला वाटत होतं. इतकं ठळक नको होतं.

ही टॉवेलची पिशवी घेऊन फाटकाशी उभी होती. बाकीचे ज्येष्ठही. एकाने मोठ्याने वाचून दाखवलं, कारण दुसऱ्याला चष्मा नव्हता. मग सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, सुरक्षा महत्त्वाची आहे. दातवाला तेवढा पुढे आला आणि म्हणाला, तुमचं बरोबर आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मनापासून म्हणाला. हेच सहन होत नाही. माणसाने निदान चिडावं तरी!

१३ मार्च
नवीन पत्र. तलावाच्या देखरेखीत हलगर्जी झाल्याने डॉक्टरांना कमी केलं असून त्यांच्या जागी माझी नेमणूक. सोबत फाटकाची किल्ली.

जिंकलो. किल्ली खिशात ठेवून कॉलनीत दोन चकरा मारल्या. दातवाला भेटला, त्याने अभिनंदन केलं आणि हिच्या गुडघ्याची चौकशी केली. म्हटलं, उत्तम आहे.

उत्तम नाही. आज ही जिन्यात दोनदा थांबली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१५ मार्च
खिडकीतल्या बाईंना विचारलं, पाणी कधी भरणार? म्हणाल्या, आधी खोलीची तपासणी. इंजिनियर वीस तारखेला अकरा वाजता येतील, देखरेख सदस्याने हजर राहायचं.

वीसच नेमकी!

१७ मार्च
गुडघा सुजलाय. घरात बोलतात ती फक्त भांडी. आज कुकरचं झाकण असं काही आपटलं की मी न विचारता भाजी आणायला गेलो.

दुपारी दातवाला दारात. सूज आहे तर बर्फाने शेका, म्हणून बर्फाची पिशवी घेऊन आला होता. आमच्या फ्रीजमध्ये बर्फ नाही का? आहे. मला सुचलं नव्हतं, एवढंच.

१९ मार्च
ही म्हणाली, उद्या मी लेकीकडे जाणार म्हणजे जाणार, शब्द दिलाय. तुम्ही येताय ना?

प्लॅन समजावून सांगितला. अकराला तपासणी. बाराला पाणी सोडायला सुरुवात. मी रिक्षाने एकपर्यंत लेकीकडे, तलाव सुरू झाल्याची बातमी घेऊन. म्हणजे चहाबरोबर आनंदाची बातमी!

ही म्हणाली, बरं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिचं 'बरं' मला कळतं. हे त्यातलं नव्हतं.

२० मार्च, १०.४०
तलावावर हजर. इस्त्रीचा शर्ट. हिच्या सोबतीला दातवाला गेलाय. घडीची खुर्ची घेऊन, दर मजल्यावर हिला बसायला. खुर्ची न्यायची कल्पना त्याची. किती पुढे पुढे करावं माणसाने!

११.३०
इंजिनियर नाही. सरकारी काम, थोडं मागेपुढे होणारच.

१२.१५
बाईंना फोन केला. म्हणाल्या, इंजिनियर कालच येऊन गेले. अहवालही आला: तलावात पाणी नसल्याने पाण्याची खोली मोजता आली नाही, सबब तक्रार प्रलंबित. मी म्हटलं, मग पाणी सोडा. म्हणाल्या, तक्रार प्रलंबित असताना पाणी कसं सोडणार?

मी म्हटलं, अहो, हा काय पोरखेळ आहे? बाई म्हणाल्या, तक्रार तुमचीच आहे ना?

१२.३०
लेकीने फोटो पाठवला. दुसऱ्या मजल्याचा जिना. ही खुर्चीवर, पाय पुढे ताणलेला. लेक पायरीवर बसलीय, मांडीवर थर्मास. दातवाला भिंतीला टेकून उभा, हातात कप. खाली लेकीने लिहिलं होतं: आईला याच्यावर चढवेना. चहा इथेच प्यायलो. तुम्ही येऊ नका, आम्ही खाली उतरतोय.

हिने लेकीचं घर पाहिलं नाही. लेकीचा जिना पाहिला.

फोटोत ही हसतेय, पण ते हसणं मला माहीत आहे. रडू आलं की ही असंच हसते.

जळलो. का नाही लिहू? जळलो! त्या कपावर जळलो, भिंतीला टेकून उभं राहण्यावर जळलो. तिथे मी असायला हवं होतं, आणि मी एका रिकाम्या हौदाची राखण करत होतो.

१२.५०
रागाने टेप घेऊन तलावात उतरलो. आपणच मोजू, इंजिनियर गेला खड्ड्यात. खड्ड्यात मीच होतो म्हणा.

भिंतीच्या फरशीवर पाण्याचा डाग आहे. पाणी इतकी वर्षं जिथपर्यंत असायचं तिथे सरळ आडवी रेघ. काठापासून ती बरीच खाली. रेघेपासून तळापर्यंत टेप लावली.

तीन फूट.

पुन्हा लावली. तीन फूट. वरचे सात इंच म्हणजे नुसती भिंत. मी काठापासून मोजलं होतं.

टेप जुनी आहे. एखाद वेळी ताणली गेली असेल.

नाही ताणली गेलेली.

२१ मार्च
खिडकीतल्या बाईंना सहज म्हणून विचारलं, समजा, समजा हं, पाटी बरोबरच असेल तर? म्हणाल्या, सोपं आहे. देखरेख सदस्याने तसं लेखी द्यायचं, त्याच दिवशी पाणी सोडतो. फक्त मग तक्रार खोटी ठरते. खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाईची शिफारस सदस्यानेच करायची. त्याला समितीतून कायमचं काढतात, पुन्हा अर्ज करता येत नाही, आणि तलाव आधीच्या सदस्याकडे परत जातो.

म्हटलं, तक्रारदार मी आणि सदस्यही मीच असेन तर?

म्हणाल्या, मग सहीला कोणाची वाट बघावी लागत नाही.

दुपारी
थोडं थांबावं असं वाटतंय. घाईने निर्णय घेऊ नये. महिन्याभरात बदल्या होतील, नवीन साहेब येतील, नियम बदलतील. तोवर तलाव दातवाल्याकडे जाणार नाही, हा एक फायदा.

ही भिंतीला धरून न्हाणीघराकडे गेली. मी उठून हात दिला. म्हणाली, राहू द्या.

२२ मार्च
सकाळी बसून लिहिलं. पहिला खर्डा: मोजमापाच्या साधनातील संभाव्य दोषामुळे. फाडला. दुसरा: तत्कालीन परिस्थितीत लक्ष विचलित झाल्याने. परिस्थितीचं वर्णन करावं लागलं असतं, म्हणून तोही फाडला. तिसरा: पाटी बरोबर आहे. तक्रारदाराने चुकीचं मोजलं. तक्रारदारास समितीतून कायमचं काढावं. खाली सही. आठच ओळी झाल्या. एवढा आखूड अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता.

खिडकीत दिला, किल्ली परत केली. बाई म्हणाल्या, संध्याकाळपासून पाणी सोडतो.

संध्याकाळी
पोच हिच्यासमोर ठेवली. या खेपेला ताटाशेजारी नाही, सरळ हातात दिली. हिने सावकाश वाचली. परत पहिल्यापासून वाचली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. 'अहो' एवढं म्हणाली असती तरी मी विरघळलो असतो.

म्हणाली, डॉक्टरांना कळवायला हवं. त्यांना किती आनंद होईल!

पण वाचून चष्मा कुठे ठेवला ते हिला सापडेना, फोनवरचे आकडे दिसेनात. मी म्हटलं, आण इकडे. नंबर मीच लावून दिला.