मागच्या खोलीचा क्लेम

२१ एप्रिल

घरात पाणी! महागावहून साळ्याच्या मुलीचं लग्न आटोपून आलो, कुलूप काढलं, तर माझीच चप्पल तरंगत सामोरी आली. आमच्या नळाला नवव्या दिवशी पाणी, तेही किती वाजता येईल याचा नेम नाही. म्हणून तोटी उघडी ठेवूनच गेलो होतो – टाकं आपोआप भरावं. सगळी गल्ली तसंच करते. पाणी काल आलं आणि टाक्यात जायच्या आधीच मागच्या खोलीच्या भिंतीतला पाइप फुटला. पलंग, गाद्या, कपाट, वर्षाचा गहू – सगळं गेलं. फरशी उखडली. गिलावा पोळीसारखा फुगला.

शेजारच्या मानीबाई म्हणतात, "दाराखालून पाणी येऊन राह्यलं होतं भाऊ, मले वाटलं तुम्ही घर धुऊन राह्यले!" एप्रिल महिन्यात! बाहेरून कुलूप लावून! धन्य आहे.

२२ एप्रिल

बोरी अरबचा शहजाद प्लंबर आला. भिंत फोडून जॉइंट काढला. "प्रेशरनं उडाला काकाजी. एका झटक्यात." जॉइंट पिशवीत घालून वर तारीख लिहिली. पंचायत समितीत एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली आहे, मी काही फेकत नाही.

आणि घराचा विमा आहे! कर्जाच्या वेळी बँकेने गळ्यात मारला होता. कर्ज फिटलं तरी मी दरवर्षी भरत राहिलो. लोक हसले. आता हसा म्हणावं!

संध्याकाळी पुण्याहून पियूषचा फोन. चिरंजीवांचं एकच पालुपद – बाबा, विका ते घर, इकडे या, स्पृहाला आजी-आजोबा हवेत. मी म्हटलं, विम्याने खोली उभी केली तर इथेच राहणार; नाही केली तर घर विकून तुझ्याकडे येतो. शब्द दिला. बायकोला, शोभाला, विचारायचा प्रश्नच नव्हता. ती माझ्याच बाजूची.

२ मे

अकरा दिवसांनी कंपनीचा सर्व्हेअर उगवला. तरणाताठा पोरगा. भिंतीवरचे पिवळे डाग पाहिले, "जुनी ओल दिसते" म्हणाला, चार फोटो काढले. जॉइंट दाखवायला गेलो तर "राहू द्या". चहासुद्धा घेतला नाही. लक्षण बरं नाही.

१९ मे

नामंजूर! अचानक पाइप फुटला तर भरपाई मिळते, पण आमची म्हणे "दीर्घकाळ हळूहळू झालेली गळती", ती पॉलिसीत बसत नाही. म्हणजे मी सहा महिने भिंत गळताना बघत बसलो होतो! डोकं तडकलं. जेवलो नाही.

पियूषला कळवावंच लागलं. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. "मग बाबा, ठरल्याप्रमाणे?" मी आवाज चढवून म्हटलं, अजून तक्रार करायची बाकी आहे! फोन ठेवला. या घराची वीट न् वीट मी उभं राहून लावून घेतली आहे. हे सोडून तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसून मी काय करू?

२० मे

तक्रारीचा मसुदा लिहिला. फाडला. असे पाच.

२१ मे

सहावा मसुदा शोभाला वाचून दाखवला. बाईसाहेब शेंगा सोलत होत्या. "पॉलिसीचा नंबर आहे, तुमची नोकरी आहे, ज्येष्ठ नागरिकाचा मान आहे. पाणी कुठी आहे यात?"

म्हटलं, कसलं पाणी?

"अहो, नळाले नऊ दिवसांत दोन तास पाणी येते. बाकीचे दिवस लाइन कोरडी. मग महिनोन्‌महिने गळायले पाणी आणलं कोठून कंपनीनं?"

मी मसुदा खाली ठेवला.

मग तिने स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आणून माझ्यापुढे टाकलं. पाण्याच्या दिवसाभोवती ती गोल करते. या गोलांची मी किती थट्टा केली आहे! ११ एप्रिलला गोल, २० एप्रिलला गोल. मध्ये १६ तारखेला बारीक अक्षरात – गहू भरला, मागची खोली. "भिंत ओली असती तर वर्षाचा गहू तिथं ठेवला असता का मी? मले काय येडी समजते का कंपनी?"

एकतीस वर्षांत असा बिनतोड मुद्दा माझ्या टेबलावर आला नाही. जेवण बाजूला सारून लिहायला बसलो. दोन पानी. अर्ज मीच लिहिला हं!

४ जून

उत्तर नाही. रोज फोन करतो. तिथली मुलगी आता माझा आवाज ओळखते.

१२ जून

आज फेरतपासणी! या वेळी वामनराव नावाचे पिकल्या केसांचे सर्व्हेअर आले, यवतमाळहून. पिशवीतला जॉइंट उजेडात धरला. "तुटलेली कड स्वच्छ आहे. जुनी गळती असती तर क्षार चढले असते यावर." मग कॅलेंडर. एकेक महिना मागे उलटत गेले, एकेका गोलावर बोट ठेवत. "वहिनी, आमच्या घरीबी असंच असते." शोभाने गव्हाचं सगळं एका दमात सांगितलं. मी मध्ये बोलायला गेलो तर वामनराव म्हणाले, "तुम्ही थांबा साहेब." थांबलो. चहा मात्र दोनदा घेतला त्यांनी.

३० जून

मंजूर! मंजूर! मंजूर!! गहू सोडून सगळं. गहू गेला तर गेला!

पत्र तीनदा वाचलं, मोठ्याने. मानीबाईंना ऐकवलं, शहजादला फोनवर ऐकवलं. पेढे वाटले. पियूष म्हणाला, "मानलं बाबा." मी म्हटलं, मानायचंच होतं, उशीर केलास! छाती अशी फुगली की शर्टाची गुंडी तुटायची बाकी होती. आता या घरातून मला कोण हलवतो ते पाहतो!

१८ जुलै

खोली झाली. नवी फरशी, नवा गिलावा, पाइप आता भिंतीबाहेरून. गल्ली चहाला बोलावली. कंपनीला कसं लोळवलं ते सविस्तर सांगितलं. कॅलेंडरचा मुद्दा सांगताना "आम्ही" म्हटलं – तेवढा प्रामाणिकपणा आहे माझ्यात. शोभा कप गोळा करत नुसती हसली.

२२ जुलै

सकाळी शोभा म्हणाली, "जितले ना तुम्ही? आता मले पियूषकडे जाऊ द्या. पाण्यासाठी जागणं होत नाही आता माझ्यानं."

म्हटलं, मग मला जिंकवलं काहून? मी हरलो असतो तर आपण आपोआपच गेलो असतो!

"हरून आले असते तर जन्मभर कुढत बसले असते तुम्ही तिथं."

पियूषला फोन केला. दोन तिकिटं काढ म्हटलं. परतीची कधीची काढू, त्याने विचारलं. मी शोभाकडे पाहिलं. नको म्हटलं.