ठरावावरचं नाव

सूस, ९ नोव्हेंबर

प्रिय डॉ. रौधा,

सलाम. तुम्ही सुखरूप ट्युनिसला पोहोचलात हे कळलं. इकडे ऑलिव्हची तोडणी सुरू झाली आहे. तुम्ही आणलेले खजूर पोरांनी संपवले.

मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या अधिवेशनात हमादींच्या नावाने ठराव मांडायला तुम्ही माझी परवानगी मागितली आहे, आणि मला पहिल्या रांगेत बसायला बोलावलं आहे. रुग्णांना खाटेला बांधून ठेवणं बंद व्हावं, असा ठराव. त्यांनी तो लिहिला होता हे मला तुमच्याकडूनच कळलं.

हमादी घरी दवाखान्याबद्दल बोलत नसत. रुग्णाची गोष्ट बाहेर काढायची नाही, हा त्यांचा नेम, म्हणून मी कधी विचारलं नाही. जेवताना ते गप्प बसत, त्याचाही मी मान ठेवला. संघटनेच्या बैठकांत मात्र ते तासन्‌तास बोलायचे, हसायचेही, असं तुम्ही दफनाच्या दिवशी बायकांना सांगत होतात.

तुम्हाला पुष्कळ माहीत आहे.

त्याच दिवशी स्फाक्सचे म्हातारे डॉक्टर आले. त्या बैठकांत त्यांनी तुम्हा दोघांना कायम शेजारी शेजारी पाहिलेलं. थेट तुमच्यापुढे वाकून म्हणाले, "मॅडम, अल्ला तुम्हाला धीर देवो. फार लवकर सोडून गेला तो तुम्हाला." मी कॉफीचं तबक घेऊन मागेच उभी होते. तुम्ही म्हणालात, "आमीन."

नणंद स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "वहिनी, तू कॉफीच वाटत बस! तिकडे लोक दुसऱ्याच बाईचं सांत्वन करून चाललेत."

मी म्हटलं, "गप्प बस, साखर दे."

गोंधळात निघून गेलं असेल तुमच्या तोंडून. असं मी स्वतःला रोज सांगते.

आधी नकारच कळवणार होते. पण काल त्याच डॉक्टरांचा फोन आला. आता त्यांना मी कोण ते कळलं आहे. फार ओशाळले होते. म्हणाले, "संघटनेने एकमुखाने सांगितलं, तरच मंत्रालय ऐकतं. पण सभेत अर्धे लोक विरोधात आहेत, बेटी. हमादीच्या नावाने रौधा बोलली तरच जमेल."

बांधून ठेवलेल्या त्या माणसांनी माझं काय वाकडं केलं आहे?

तेव्हा ठराव त्यांच्या नावाने मांडा. तुम्हीच मांडा. माझ्यासाठी खुर्ची ठेवू नका, मी येणार नाही. तुमच्या तोंडून त्यांचं नाव मला अजून ऐकवत नाही.

निकाल लागला की चार ओळी लिहा. फोन करू नका.

हमादींची बायको,
बेया