काकीची लाल बोटं

१२ मार्च
नवऱ्याने, प्रितेशने, आज पुन्हा चिडवलं — तुझ्यावर कंपनीचा शिक्काच नाही! शिक्का म्हणजे बेंबी. माझ्या पोटावर तिच्या जागी नुसता गुळगुळीत चट्टा. पाचवा महिना लागल्यापासून तो ताणून चकाकतो.

जन्मले तेव्हा माझी आतडी बेंबीतून बाहेर, पातळ पिशवीत. टाके घालायला कातडीच पुरेना. डॉक्टरांनी सांगितलं, मर्क्युरोक्रोम लावत राहा, खपली धरेल, खालून कातडी येईल. मर्क्युरोक्रोम म्हणजे आपलं लाल औषध. आईला बघवेना. ती तोंड फिरवून बसायची. मग पुढे झाली नंदाखाल गावची सरलाकाकी, वाडीतल्या केळी सोडून! हात खसाखसा धुवायची आणि कापसाने रोज लावायची. कित्येक महिने तिची बोटं लाल. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, काकी, मेंदी कोणाच्या लग्नाची?

१५ मार्च
प्रितेशने नेटवर वाचलं. त्या औषधात पारा, तान्ह्याच्या अंगात भिनतो, म्हणून डॉक्टर आता वापरत नाहीत. खरं असेल. तरी मला रागच आला. मी जगले ना त्याच्यावर! शाळेत गुडघा फुटला की तेच. आयोडीनसारखं झोंबायचं नाही, आणि लाल गुडघा वर्गभर मिरवता यायचा.

२० मार्च
सोनोग्राफी. डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं. बाळालाही तसंच आहे.

२३ मार्च
काकी केळ्यांची फणी घेऊन आचोळ्याला, आमच्या घरी आली. मला पोटभर रडू दिलं.

डॉक्टरबाई म्हणतात, आईचं मुलाला क्वचितच येतं. बाळाचं हृदय चांगलं आहे. पिशवी मोठी, म्हणून लगेच ऑपरेशन नाही. अजूनही तसंच करतात — लेप लावायचा, कातडी येईपर्यंत थांबायचं. फक्त लाल औषधाऐवजी पांढरं मलम. म्हणजे काकीचीच पद्धत! प्रितेशने मलमाचं नाव लिहून घेतलं.

मला भीती एकच. मी आईवर गेलेय. मलाही बघवणार नाही. पण काकी आहे. काकी करेल.

६ सप्टेंबर
मुलगी घरी आली. काकीने हात धुतले, मलम घेतलं, आणि तिची बोटं थरथरायला लागली. थांबेचनात. ट्यूब तिने माझ्या हातात दिली.
"माझे हात आता वाडीतसुद्धा चालत नाहीत, रेवा. तू लाव. बघून लाव."

लावलं. बघून.