मंदाच्या नावाची ओळ

अल खर्ज, गुरुवार, सायंकाळ

रुग्णालयाच्या संकेतस्थळाचे काम आज फहद यांना समजावून दिले. माझ्या जागी नेमलेले हे सौदी अभियंते ड्यूटीच्या पानाच्या कोडमधील एका ओळीपाशी थांबले.

सर्व्हर नावे भरून पान पाठवतो. पुढचे ब्राउझरमधील स्क्रिप्ट पाहते. नावांत मंदा आढळली, की पानावर “डबा घेतला का?” असे उमटावे, एवढेच त्या ओळीचे काम. माझी पत्नी तिथेच परिचारिका होती आणि डबा हमखास घरी विसरायची. ते प्रथम दिसले तेव्हा तिने वॉर्डातून फोन केला होता, “अहो, सगळ्या हसतायत मला!” मात्र ओळ काढू दिली नाही.

“उस्ताद, सर्व्हर हे नाव आता पाठवतच नाही. ही ओळ कधीच चालणार नाही. काढू?” फहद यांनी विचारले.

तिला जाऊन दोन वर्षे झाली. यादीतून नाव मीच काढले होते. मग ओळ कशी राहिली? विसरलो होतो? नाही, विसरलो नव्हतो.

निरुपयोगी ओळ ठेवू नये, हे तीन महिने मीच त्यांना शिकवतो आहे.

“यल्ला, पुढची ओळ पाहू,” एवढेच म्हणालो.