तीस टक्के उजेड

सोमवार, ३ नोव्हेंबर

मिरजेहून निघून, दोन गाड्या बदलून आज सकाळी तंजावूरला पोहोचले. अनोळखी माणसाशी बोलायचे म्हटले की माझी जीभ टाळूला चिकटते, हे ठाऊक असल्यामुळे वडिलांना वाटत होते की मी स्टेशनावरूनच परत फिरेन. परंतु ज्या घरी नोकरीला आले आहे तेथे मराठी बोलतात. तेवढ्या एका आधारावर एम.एस्सी.चे प्रमाणपत्र ट्रंकेत घालून मी निघाले, आणि आज विलक्षण आनंदात आहे.

राजवाड्यामागच्या गल्लीतले हे घर अनिरुद्धरावांचे. ते महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण गंगाबाई, जिला सारी गल्ली गंगाक्का म्हणते, असे दोघेच. त्यांच्या मराठीला तमिळ हेल आहे, आणि मधूनच माझ्या पणजीच्या तोंडचा एखादा शब्द अवचित भेटतो. देवनागरी मात्र दोघांनाही वाचता येत नाही, म्हणजे ही रोजनिशी कुलपाशिवाय ठेवता येईल.

माझे पहिलेच वाक्य ऐकून गंगाक्कांनी विचारले की बातम्या संपल्या की हवामानही सांगणार का. मग म्हणाल्या, ही मुलगी बोलत नाही, पेपर सोडवते. पानात आंबट भाजी वाढीत त्या मला इतके चिडवीत होत्या की लाजायला सवडच मिळाली नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज काम समजले. घरामागच्या अंगणाला येथे कोल्लै म्हणतात. तिच्या टोकाला कौलारू खोली आहे, आणि तीत नागवेलीच्या बेचाळीस कुंड्या, चौदाच्या तीन रांगांत. येथल्या मराठी घराण्यांच्या लग्नांत पहिला विडा याच बारीक पानाच्या वेलीचा असतो. उघड्यावरची वेल मूळकुजीने गेली. उरली ती एवढीच. खिडक्या काळ्या कागदाने बंद आहेत आणि वर एलईडी दिव्यांच्या पट्ट्या आठ ते साडेपाच जळतात.

पाने पिवळी पडली आहेत, कडा करपल्या आहेत. कारण उघड आहे. नागवेल सावलीत वाढणारी. आमच्या भागातल्या पानमळ्यांत तिला शेवरी-शेवग्याची सावली देतात. छत ठेंगणे असल्यामुळे दिवे वर घेता येत नाहीत. तेव्हा दिव्यांना उजेड कमी-जास्त करणारे डिमर बसवावेत की नाही, याचा निर्णय मी महिनाअखेर लेखी द्यायचा. तो बरोबर ठरला तर नोकरी कायम.

गंगाक्कांचा विरोध आहे. तिन्हीसांजेला आधी मागचे दार लावायचे आणि मग देवापुढे दिवा, हा त्यांचा नेम. माझी आईही तेच करते. पण त्यांचे म्हणणे असे की कोल्लैतल्या त्या खोलीत तिन्हीसांज होतच नाही. दिवे एका झटक्यात जातात, म्हणजे तेथे दिवस असतो किंवा रात्र. डिमर लावला की ही पोर हवी तेव्हा तिन्हीसांज करणार, आणि दर वेळी दार लावायला धावायचे कोणी? दार उघडे राहिले तर काय होते, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, बाहेरचे आत येते, आणि एका चेहऱ्याला घरात जागा एकच असते.

अनिरुद्धराव हसले. मी टिपणवहीत लिहिले: आक्षेप, पारंपरिक.

शनिवार, ८ नोव्हेंबर

शिवराज नावाच्या वायरमनने चाचणीपुरते डिमर बसवले. दिव्यांना वीज पुरवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरांवर मंद उजेड फडफडत होता, ते बदलावे लागले. खोलीत दमटपणा फार, म्हणून फिरवायचे बटण घराच्या आत, मागच्या दाराजवळ घेतले. रोज दुपारी तीनला उजेड आपोआप उतरू लागतो आणि अर्ध्या तासात तीस टक्क्यांवर स्थिरावतो.

पानमळ्यासारखीच येथेही चपला दाराबाहेर काढायची रीत आहे. मी अनवाणी फिरते आणि नोंदी मोठ्याने वाचते. ही शाळेपासूनची सवय. रिकाम्या खोलीत माझ्या आवाजाला संकोच वाटत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नवी पाने हिरवी येत आहेत. निर्णय जवळजवळ झालाच.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवते. दिवे डोक्यावर असताना, उजेड तिसावर आला की सर्व पाने दाराकडे वळतात. दार बंद असले तरी. कोनमापक घेऊन बेचाळीसही कुंड्या तपासल्या आणि शेवटी मोठ्याने म्हटले, पानांची कोनमापने पूर्ण झाली. वाऱ्याची झुळूक हे कारण असू शकेल. मात्र खोलीत वारा नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

साडेतीनच्या सुमारास गंगाक्का माझी कॉफी घेऊन खोलीत आल्या. घराचे मागचे दार त्यांच्यामागे उघडेच होते. उंबऱ्यातच त्यांनी दंडावरून हात फिरवला आणि उजेड वाढव म्हणाल्या. मी आग्रह केला की तिसावर पाने किती शांत दिसतात ते एकदा पाहावे. माझ्याने सहसा कोणाला आग्रह होत नाही. त्या थांबल्या त्या केवळ मला वाईट वाटू नये म्हणून.

मी आकडा घ्यायला उजेडाच्या मापकावर वाकले. वर पाहते तो त्या नव्हत्या. अंगणातून पावले घराकडे गेली. स्टुलावर कॉफीची वाफ अजून निघत होती.

दाराबाहेर माझ्या चपलांशेजारी त्यांच्याही चपला तशाच होत्या.

सोमवार, १७ नोव्हेंबर

गंगाक्का बदलल्या आहेत. कॉफी त्या उकळती पितात. आज तिच्यावर साय धरली तरी त्या तिच्याकडे नुसत्या पाहत होत्या. तीन दिवसांत मला एकदाही चिडवले नाही. तिन्हीसांजेला मागचे दार मी लावले, दिवा अनिरुद्धरावांनी.

जेवताना गंगाक्कांनी मला विचारले, पानांची कोनमापने पूर्ण झाली काय? हेल नव्हता. वाक्य माझे होते, आणि ज्या थंड सुरात मी ते खोलीत म्हटले होते तो सूरही माझाच होता.

अनिरुद्धरावांना कौतुक वाटले. ते म्हणाले, ऋजुतामुळे अक्काची मराठी सुधारली, आता ऋजुताने तेवढी आमची बोली शिकावी.

मी पान तसेच टाकून उठले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

जे पाहिले ते क्रमाने लिहिते.

तीन वाजून अठ्ठावीस मिनिटे. उजेड पस्तीस. बांगड्यांचा आवाज. तिसऱ्या रांगेच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून, गंगाक्का. अनवाणी. ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हता. हात पुढे केलेला, शुक्रवारी कॉफी धरली होती तसा.

मी धावत घरात गेले. स्वयंपाकघरात गंगाक्का बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून विचारले, आजचा आकडा किती.

परत खोलीत आले. दाराजवळचे बटण वाढवले होते मी जाताना, भीतीने. पूर्ण उजेड. कोणी नव्हते. फक्त वेली.

म्हणजे त्या तिसाच्या आसपासच दिसतात. पूर्ण उजेडात त्या— कोठे असतात?

गुरुवार, २० नोव्हेंबर

अनिरुद्धरावांना सांगितले. अडखळत, पण सगळे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. घरची आठवण येत असेल, म्हणाले, हवे तर चार दिवस जाऊन ये. खोलीत यायला तयार नाहीत. अक्का समोर बसली असताना अक्काला शोधायला कोल्लैत जाऊ का, असे म्हणाले.

मग त्या बोलल्या. शुद्ध, सावकाश. डिमर मला पहिल्यापासून पसंत नव्हते, ते काढून टाकावेत, अशी माझी इच्छा आहे.

बहिणीने इच्छा म्हणून काही मागितले की अनिरुद्धराव ते मोडत नाहीत. शिवराज उद्या चार वाजता येऊन जुने ड्रायव्हर बसवणार. त्यानंतर त्या खोलीत दिवस नाहीतर रात्र. तीस कधीच नाही.

मी म्हटले, डिमर राहू द्या, माझा लेखी निर्णय डिमरच्या बाजूने आहे. त्या माझ्याकडे पाहून हसल्या. त्यांना हसता येऊ लागले आहे.

गंगाक्कांना त्या दिवशी थांबायला लावले मी. मीच आणायला हवे. उद्या शेवटची संधी— तीन ते चार.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. दुपारी तीन

मी येईपर्यंत मागचे दार उघडे ठेवा, असे अनिरुद्धरावांना सांगून आले. हो म्हणाले. त्या शेजारीच होत्या. ऐकत होत्या.

दर दहा टक्क्यांना नोंद करते. 

ऐंशी. वेली.

सत्तर. काही नाही.

साठ. पाने फिरू लागली. दाराकडे.

पन्नास. बांगड्या.

चाळीस. आहेत. पुसट, पण आहेत.

तीस. हात धरला. थंड. पण हात आहे, वजन आहे. माझ्याबरोबर चालल्या. दोन पावले, तीन— थांबल्या. मान हलवतात. बोट दाखवतात. दाराकडे नाही. माझ्या मागे.

मागे कोणी नाही.

पाने मात्र— बेचाळीसही कुंड्या— आता माझ्याकडे.

अंगणात चपलांचा आवाज. माझ्या चपला. डावीचा तुटका बंद फटफटतो तो मला ओळखता येतो. मी अनवाणी आहे. चपला दाराबाहेर काढल्या होत्या, मी स्वतः—

घराचे दार. कडी. आतून.

अनिरुद्धराव विचारतात, दार लावले का. आतून उत्तर आले. आवाज माझा. हेल गंगाक्कांचा. ते मोठ्याने हसले, म्हणाले, ऋजुताला अखेर आमची बोली आली.

हाक मारते आहे. एवढ्या जोराने आयुष्यात कधी— ओठ हलतात. गंगाक्का बघताहेत माझ्या ओठांकडे. त्या रडत आहेत.

उजेड वाढतो आहे. बटण आत आहे, दाराजवळ. कोणीतरी ते फिरवते आहे, सावकाश.

चाळीस. हात घट्ट धरला आहे.

पन्नास. गंगाक्का दिसत नाहीत. पकड आहे अजून.

साठ. पकड नाही.

सत्तर. वही दिसते. पेन दिसते. हात