शून्याची राखण

दि. ९ जानेवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. मागच्या आठवड्यात फोनवर हेच म्हणाले होते, पण तेव्हा थाप मारली होती. आज ते खरं आहे. पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही.

धाकटीला नोकरी लागली. पंक्चरच्या दुकानावर नवा पत्रा घातला. आणि हो, तुमच्या भावाच्या फुप्फुसातून एक गाठ काढली. आधी पाणी प्या, मग पुढे वाचा. गाठ साधी निघाली, रिपोर्ट कालच हातात आला.

ऑपरेशननंतर ह्यांच्या छातीतली नळी एका छोट्या यंत्राला जोडली होती. आतून हवा किती गळतेय, त्याचा आकडा पडद्यावर दिसायचा. आकडा शून्यावर टिकला की नळी निघणार, नाहीतर पुन्हा ऑपरेशन. जन्मभर पंक्चर काढलेला माणूस हा. म्हणाले, "आकडे कसले, बुडबुडे दाखवा." नर्सबाई म्हणाल्या, "काका, बुडबुडे बघत बसायचे दिवस गेले."

मी मात्र त्या आकड्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. हे खोकले की आकडा चढायचा, हसले की चढायचा. मग मी फर्मानच काढलं. खोकायचं नाही, हसायचं नाही, भेटायला येणाऱ्यांनी तोंड पाडून बसायचं. तुम्हाला कळवलं नाही ते म्हणूनच. तुम्ही नुसत्या दारात दिसलात तरी हे हसत सुटतात.

शून्य आला! मी वॉर्डभर सांगत फिरले. नर्सबाईंनी ह्यांना छातीशी उशी धरून खोकायला लावलं, तर आकडा टुणकन वर. "काकू, तुम्ही ह्यांना धड श्वासही घेऊ देत नाही. फुप्फुस फुललं तर गळती बुजणार ना? खोकू द्या, हसू द्या." करायला गेले एक आणि झालं भलतंच.

आता मला कुठे येतंय हसवता? मग तुमचीच नक्कल केली. फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणाऱ्या बाईला तुम्ही "जेवलीस का गं?" विचारलं होतंत, ती. हे उशी कवटाळून हसले. आकडा चढला, मग उतरला. दुसऱ्या दिवशी कमी चढला. पुढे तर हसले तरी हलेना. आज सकाळी नळी काढली.

खरं सांगू? हसण्याची भीती हे निमित्त होतं. रिपोर्ट यायचा होता. त्या खोलीत येऊन तुम्हालाही विनोद सुचला नसता, तर ह्यांचं काही खरं नाही असंच मी धरलं असतं. ते बघायचा धीर माझ्यात नव्हता.

रागवा, पण या. ह्यांच्यासमोर मी एकदाही रडले नाही. तुमच्याजवळ बसून एकदाचं रडून घेईन म्हणते.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुमची वहिनी