अख्खा फर्मा

अण्णा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्या कापायच्या टेबलावर बसून तुम्हाला लिहिते आहे. टेबलावर बसलेलं तुम्हाला खपायचं नाही, माहीत आहे. पण पाथरीतलं हे दुकान आता मी चालवते आणि आज मी खुशीत आहे, तेव्हा ऐकून घ्या. तुमच्या नातवाचं लग्न ठरलंय. पुण्यात नोकरीला लागल्यापासून त्याला आईच्या हातची भाकर चालते, आईच्या हातचा कोट चालत नाही. "मोबाईलवर साईज टाकला की तिसऱ्या दिवशी घरी येतंय. कशाला डोळे फोडून घेतीस?" पंचक्रोशीतल्या नवरदेवांना कोट घालणारी मी, आणि माझाच लेक रेडिमेड घालून बोहल्यावर उभा राहिला तर लोक काय म्हणतील ते सोडा, मलाच रडू आलं असतं. मी म्हटलं, एकदा कच्च्या शिलाईवर अंगात घालून बघ. चुकला तर तुझा खोक्यातला कोट आण, मी तोंडातून अक्षर काढणार नाही. आईचं तोंड बंद राहणार म्हटल्यावर लगेच तयार झाला.

कोट बेतायला घेतला आणि तुमची टिचकी आठवली. तुम्ही टेप लावून माप बोलताय, मी शाळेच्या फ्रॉकवर कोपऱ्यात बसून वहीत उतरवतेय. छाती, कंबर, बाही, सगळं तुम्ही खड्या आवाजात सांगता. पण माणसाच्या अंगात काही कमीजास्त असलं की आवाज बंद, आणि सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेल्या अंगुस्तानाची कात्रीवर टिचकी. एक वाजली की एक खांदा उतरलेला, दोन वाजल्या की पोट सुटलेलं, तीन वाजल्या की पाठीला बाक. मी तेवढे ठिपके मांडायची. गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघून खूश, त्याला काही कळायचं नाही.

आणि मग तो देवगाव फाट्याचा नवरदेव. सोबत दोन होणारे मेहुणे, सगळे चहा पितायत, आणि तुमची टिचकी चहाच्या कपांच्या आवाजात बुडाली. मी आपली हुशारी दाखवायला मोठ्यानं म्हटलं, "अण्णा, ह्यांचा उजवा खांदा लय खाली हाय, ठिपका देऊ का?" मेहुणे फिदीफिदी हसले. नवरदेवाचं तोंड एवढंसं झालं. उरलेली मापं तुम्ही तशीच खड्या आवाजात पुरी केलीत. ती मंडळी गेल्यावर टेप गळ्यात अडकवून माझ्यासमोर उकिडवे बसलात. "बाई, आपण माणसाचं माप घेतो, पंचनामा न्हाई करत. खोड असती ती कापडात जिरवायची. जिभेवर आणायची न्हाई." त्या दिवशी मला तुमचा लय राग आला होता. आठ दिवस वहीला हात लावला नाही.

माझ्या लग्नात तुम्ही मला खाकी कागदाचा ब्लाउजचा फर्मा दिलात, कापडावर ठेवून बेतायचा. जन्मभर कोट-पँटी शिवलेल्या माणसानं बेतलेला तो एकच ब्लाउज. माझं माप घेताना वही माझ्याकडे दिली नव्हतीत, स्वतःच लिहिलंत. सगळे अर्धाच फर्मा कापतात, कापडाला घडी घातली की दोन्ही बाजू निघतात. तुम्ही मात्र अख्खा कापलात, डावा-उजवा दोन्ही. मी घडी घालून पाहिली तर खांद्याच्या कडा जुळेनात. उजवी कड अर्धं बोट खाली. मी हसले आणि तेव्हापासून डावी बाजू खरी धरून दोन्हीकडे तीच बेतत आले.

तर परवा रविवारी दुपारी कोटाची परीक्षा झाली, तुमच्याच पद्धतीची. आरशात बघू दिलं नाही. आधी पाटावर मांडी घालायला लावली. पँट कुठं तटतटली नाही. मग पाया पडायला लावलं, कारण नवरदेवाला त्या दिवशी शंभरदा वाकायचं असतं. कोट पाठीत ओढला नाही. पण सरळ उभा राहिला की उजव्या काखेखाली एक तिरकी चुणी. मी बाही उसवली, कॉलर उचलली, मागं गेले, पुढं आले. चुणी जागची हलेना. लेकाने हळूच मोबाईल काढला. मला वाटलं, झालं, आता रेडिमेड मागवतो. त्यानं लावला होता व्हिडिओ कॉल. होणारी सून झरीहून बघत होती. आम्ही दोघं शेजारी उभे, आणि ती पोर निरागसपणे म्हणते, "आई, तुमच्या ब्लाउजलाबी तिथंच चुणी हाय की! दोघांचं कापड एकच हाय का?"

अण्णा, मी आरशात आम्हा दोघांचे खांदे निरखले. दुसऱ्यांचे खांदे रस्त्यावरून चालताना ओळखणारी मी, मला पोटच्या पोराचा खांदा दिसला नव्हता. जुनी वही काढली. माझ्या मापाच्या पानावर, तुमच्या अक्षरात, कोपऱ्यात एक बारीकसा ठिपका.

कोटाच्या उजव्या खांद्यात कॅनव्हासचा एक जादा पदर घातला आणि कोट असा बसला, की पोरगं आरशासमोरून हलेना. "काय केलंस गं?" "काही न्हाई, दोरा ओढला होता," म्हटलं, आणि कात्रीवर एक टिचकी मारली. खोक्यातला कोट काही आता येत नाही.

हे पत्र वहीत माझ्याच पानावर ठेवून देते, दुसरीकडे कुठं टाकणार? फक्त एक कबूल करायचंय. माझ्या ब्लाउजला चुणी पडली की मी आजवर कापडाला नावं ठेवली, आणि कुणी फर्म्याबद्दल विचारलं की हसत सांगत आले, आमचे अण्णा कोटात पक्के, पण ब्लाउजात त्यांची कात्री हलली. आज पहिल्यांदा तो अख्खा पसरून ब्लाउज बेतलाय. लग्नात तोच घालणार आहे.